शिवणीच्या आतला रंग

१ जून १९४८ रोजी पुणे आणि आमचं नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, यांच्यामध्ये पहिली एसटी धावली. बेडफर्डची गाडी, लाकडी बॉडी, सीटमध्ये काथ्या. तारीख सगळ्यांच्या लक्षात राहिली. काथ्या भरणारे हात कुणाचे, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

मला हे खटकतं, कारण आमचे अब्बा कुशनवाले. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनलेली फियाट डिलाइट, पुढे जी पद्मिनी झाली, तिच्या सीट ते भरत. जुन्या गाडीचा लोखंडी भाग मुंबईच्या चोर बाजारात शोधता येतो. कव्हर मात्र नव्यानंच शिवावं लागतं. अब्बा फाटकं कव्हर टाका-टाका उसवत, तुकडे नव्या रेक्झिनवर ठेवून खडूनं आखत. ड्रायव्हरकडची बाजू ताणलेली असते, म्हणून माप शेजारच्या बाजूचं घेऊन उलटं ठेवायचं. आणि मूळ रंग? तो शिवणीच्या आत, जिथं ऊन पोचलेलं नसतं. मी कवी खरा, पण हे मला सुचलं नसतं.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. त्यानंतर एकजण डिलाइटच्या मागच्या सीटचं माप विचारत घरी आला. अब्बा गेल्यावर दुकान रिकामं करताना उसवलेल्या कव्हरांचं गाठोडं मीच भंगारवाल्याला दिलं होतं, किलोच्या भावानं.