गोषा, बुरखा आणि उंबरठा

रसायनीजवळच्या मोहोपाड्याच्या बाजारात बुरखा घातलेल्या मुली रोज दिसतात. कुणी कॉलेजला निघालेली असते, कुणी स्कूटीवरून कामाला. त्यांच्याकडे पाहून आमच्या वयाची माणसं दोनपैकी एक वाक्य हमखास बोलतात. ‘यांच्यात हे पूर्वीपासूनच आहे’ हे एक, आणि ‘हे लोक अजून सुधारत नाहीत’ हे दुसरं. मीही बरीच वर्षं यातलंच एक बोलत आलो.

काही वर्षांपूर्वी जमिनीचे जुने कागद पाहण्यासाठी कर्जतकडच्या एका कोकणी मुस्लिम घरी गेलो होतो. कागदांच्या ट्रंकेतून एक फोटो निघाला. भाताच्या आवणीच्या दिवसांतला, साधारण पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा. चार बायका बांधावर उभ्या, लुगडी वर खोचलेली, डोक्यावर पदर, चेहरे उघडे. फोटो दाखवणारी नात पदवीधर, आणि तिच्या डोक्याला हिजाब. माझ्या मनातला प्रश्न तिनं ओळखला असावा. म्हणाली, ‘‘ही माझी दादी. चिखलात बुरखा घालून आवणी कशी करणार, काका?’’

त्या एका प्रश्नानं माझी दोन्ही वाक्यं खोटी पाडली. अडाणी आजी उघड्या चेहऱ्यानं शेतात आणि शिकलेली नात हिजाबात, हा क्रम ‘पूर्वीपासून’मध्ये बसत नाही आणि ‘सुधारणे’तही बसत नाही. मग खरा क्रम काय, हे शोधणं आलं.

सुरुवात शब्दांपासून करू. ‘पडदा’ आणि ‘गोषा’ हे दोन्ही शब्द फारसीतून आले. ‘गोशा’ म्हणजे कोपरा. मराठीत हा शब्द रुळला तो केवळ मुसलमानांमुळे नव्हे. मराठा सरदार आणि संस्थानिकांच्या घराण्यांतही गोषा पाळला जाई. खालच्या वाड्यांतल्या, शेतात राबणाऱ्या मराठा आणि कुणबी बायकांना मात्र तो कधी परवडला नाही. ब्रिटिशांनी १८८०च्या सुमारास छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत मुसलमानांच्या एकेका गटाची माहिती देताना त्यांच्या बायका लोकांत वावरतात की नाही, कामात हातभार लावतात की नाही, याची नोंद केलेली आढळते. कष्टकरी गटांत बायका बाहेर दिसतात, खात्यापित्या गटांत दिसत नाहीत. म्हणजे गोषा ही धर्माइतकीच ऐपतीचीही खूण होती. बाईला घरात बसवणं ज्याला जमतं, तो प्रतिष्ठित.

मग या प्रतिष्ठेला पहिला धक्का कुणी दिला? आपल्या भागातलं उत्तर त्याच खात्यापित्या वर्गात सापडतं. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी हे मुंबईच्या सुलेमानी बोहरा घराण्यातले, १८८७च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष. १९०३ साली मुंबईत भरलेल्या मुस्लिम शैक्षणिक परिषदेचेही ते अध्यक्ष होते. हिंदुस्थानात रूढ झालेला कडक पडदा धर्माच्या मागणीपलीकडे गेला आहे, असं त्यांचं मत होतं, आणि आपल्या मुलींना त्यांनी शिकवलं. याच कुळातल्या नाझली बेगम यांचा विवाह जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमदखान यांच्याशी झाला होता. म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या संस्थानाची ही बेगम. १९०८ साली नाझली नवाबांबरोबर युरोपला गेल्या आणि त्यांनी प्रवासवर्णन लिहिलं. त्यांची धाकटी बहीण अतिया फैजी त्याआधीच, १९०६ साली, शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेली होती. तिची रोजनिशी लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या उर्दू साप्ताहिकात छापून येई. पडद्यात बसलेल्या हजारो वाचकांना चेहरा उघडा ठेवून हिंडणारी एक मुसलमान मुलगी तिथं भेटत होती.

पण इथं घाई करून ‘चेहरा उघडा म्हणजे प्रगती’ असं समीकरण मांडलं, तर भोपाळची बेगम ते मोडते. सुलतान जहाँ बेगम यांनी १९०१ ते १९२६ राज्य केलं, तेही बुरख्यात राहून. मुलींच्या शाळा काढल्या. अलीगढ विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलपती. १९२२ साली त्यांनी ‘अल हिजाब’ हे पडद्याचं समर्थन करणारं पुस्तक लिहिलं. आणि अखेरच्या वर्षांत, राज्य मुलाकडे सोपवल्यावर, त्यांनीच जाहीर सभेत चेहऱ्यावरचा पडदा दूर केला. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी गोषा सोडलेल्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या परिषदेत त्या खुर्चीवर भोपाळच्या बेगम बसल्या. मुलींचं शिक्षण आणि बालविवाहाला विरोध, हे काम मात्र दोन्ही वर्षी तेच होतं.

धर्मग्रंथाचा आधार दोन्ही बाजू घेतात. कुराणाच्या सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी पुरुषांना आहे, मग स्त्रियांना. आणि ओढणी छातीवर घेण्यास सांगितलं आहे. सूरह अहजाबमध्ये बाहेर पडताना अंगावर चादर ओढून घेण्याचा उल्लेख येतो. त्यात चेहरा येतो की नाही, यावर जुन्या धर्मशास्त्र्यांतच मतभेद आहेत. ‘बुरखा’ हे वस्त्र कुराणात नावानं सांगितलेलं नाही. एवढी जागा मोकळी असल्यामुळेच प्रत्येक काळानं ती आपापल्या परीनं भरली.

कोकणात ती कशी भरली गेली? १९७०नंतर घराघरांतून पुरुष आखातात गेले. पैसा आला, पक्की घरं झाली, बायकांचं शेतात जाणं थांबलं, मुली शाळेत गेल्या. जुन्या ऐपतीच्या खुणेला आखाती बुरख्याचं नवं रूप मिळालं. धार्मिक प्रचार वाढला. १९९२-९३च्या दंगलींनंतर आपल्या माणसांत, आपल्या खुणेत राहण्याची ओढही वाढली, असं मला वाटतं. बोहरा समाजात तर धर्मगुरूंच्या आदेशानं गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत रंगीत रिदा सार्वत्रिक झाला. ‘जुनं’ म्हणून आपण जे पाहतो, त्यातलं पुष्कळसं आपल्या डोळ्यांदेखत आलेलं आहे.

याच काळात उलट बाजूनं उभा राहिला तोही कोकणातलाच माणूस. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. मागणी कपड्याची नव्हती. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्ध होती. १९७० साली पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. बुरख्याला त्यांचा विरोध होताच, पण आधी कायदा आणि हक्क, हा क्रम त्यांनी नेमका धरला.

आजचा वाद कोर्टात आहे. कर्नाटकातल्या हिजाबबंदीवर १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी उचलून धरली. न्या. सुधांशू धुलिया यांनी ती रद्द ठरवताना मुलींचं शिक्षण सर्वांत पुढे ठेवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या पोशाखबंदीला त्याच न्यायालयानं अंशतः स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला मात्र परवानगी दिली नाही.

मी बुरख्याचा समर्थक नाही. चेहरा झाकावा लागणं मला अन्यायाचं वाटतं, आणि घरच्या धाकानं तो घालणाऱ्या मुली आहेत हे मी जाणतो. पण धाकानं घालायला लावणं आणि धाकानं काढायला लावणं, या दोहोंत त्या मुलीला कुणी विचारत नाही. इतिहास चाळल्यावर माझा प्रश्न बदलला. अंगावर काय आहे, याआधी ती उंबरठा ओलांडते का, आणि ओलांडून कुठपर्यंत जाते, हे मी पाहू लागलो. लंडनला गेलेली अतिया आणि बुरख्यातून शाळा काढणाऱ्या बेगम या कसोटीला सारख्याच उतरतात. जी मुलगी फाटकातूनच परत पाठवली जाते, तिच्यासाठी मात्र कॉलेजचा उंबरठाच गोषा होतो.

निघताना त्या नातीनं फोटो पुन्हा ट्रंकेत ठेवला नाही. पुसून बाहेरच्या खोलीत कपाटावर उभा केला. तिच्या नेमणुकीच्या पत्राशेजारी.