डर्बीचे इंजिन

एरवी आम्ही मजुरीच्या दरांविषयी बोलतो. आज इंजिनाविषयी बोलणार आहोत. थोडी हवा फार वेगाने मागे फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा बेताच्या वेगाने फेकली, तर विमानाला तेवढाच रेटा कमी इंधनात मिळतो. किलोभर इंधन जळले की तीन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तोही तितकाच घटतो. त्यासाठी पुढे मोठा पंखा हवा.

इंग्लंडातील डर्बीच्या रोल्स-रॉइसने १९६८ साली अमेरिकेच्या लॉकहीडशी अशा इंजिनाचा, आरबी २११चा, करार केला. पंख्याची पाती हलक्या कार्बन-तंतूंची करायचे ठरले. १९७० साली चाचणीत त्यांवर मेलेली कोंबडी तोफेतून झाडली (आकाशात पक्षी आदळतातच!) आणि पाती फुटली. मग टायटॅनियम आले. खर्च आवरेना. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनीचे दिवाळे वाजले.

हजारो कारागिरांच्या चुली त्या इंजिनावर होत्या. राष्ट्रीयीकरणाला तत्त्वतः विरोध करणाऱ्या हीथ सरकारनेच कंपनी ताब्यात घेतली, याची आम्हांला गंमत वाटते. स्टॅन्ली हूकर यांच्यासारखे निवृत्त इंजिनिअर पुन्हा कामाला लागले, आणि १९७२ च्या एप्रिलपासून ट्रायस्टार विमाने त्याच इंजिनावर उतारू नेऊ लागली. १९८७ साली सरकारने कंपनी पुन्हा खासगी भागधारकांना विकली. त्या इंजिनाची तीन शाफ्टांची रचना पुढे ट्रेंट इंजिनांतही राहिली.