१७. फुटबॉल संपल्यानंतरचा शनिवार

येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकी फुटबॉल. त्याचा हंगाम सप्टेंबरपासून हिवाळ्यापर्यंत चालतो आणि शनिवारी महाविद्यालयांचे, तर रविवारी एनएफएल या व्यावसायिक संघटनेचे सामने दूरचित्रवाणी व्यापून टाकतात. त्यामुळे नोव्हेंबरात सुरू होणाऱ्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या वाट्याला उरलेल्या वेळा येतात. १९६१ च्या क्रीडाप्रक्षेपण कायद्याने शुक्रवारी रात्री व शनिवारी महाविद्यालयीन फुटबॉलला व्यावसायिक फुटबॉलच्या प्रक्षेपणापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत संरक्षण दिले, बास्केटबॉलला मात्र तशी ढाल मिळाली नाही. शीर्षकातील शनिवारचा बास्केटबॉल सामना २० जानेवारी १९६८ चा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या दुसऱ्या अंतिम सामन्यानंतर, अर्थात सुपर बोलनंतर, सहाच दिवसांनी, मैदान मोकळे झाल्यावर झालेला. एडी आइनहॉर्न यांच्या टीव्हीएस या संस्थेने गावोगावची केंद्रे जोडून तो देशभर रात्रीच्या मोक्याच्या वेळी दाखवला, आणि नियमित हंगामातील महाविद्यालयीन बास्केटबॉल सामन्याला असा मान प्रथमच मिळाला. ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या स्टेडियममध्ये, लॉस एंजेलिसहून आणलेल्या लाकडी फरशीवर, बावन्न हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर ह्यूस्टन विद्यापीठाने सलग ४७ सामने जिंकलेल्या यूसीएलए या विद्यापीठाला ७१–६९ असे हरवले. ह्यूस्टनच्या ७१ गुणांपैकी ३९ त्यांचे खेळाडू एल्विन हेझ यांचे होते.