बड फॉस्टर आणि ‘तो डबा’
बड फॉस्टर : अमेरिकन फुटबॉलमधील (हातात चेंडू घेऊन धावण्याचा खेळ, आपल्याकडचा फुटबॉल नव्हे) बचावाचे प्रशिक्षक. केंटकीतल्या मरी स्टेट विद्यापीठात खेळत असताना त्यांना फ्रँक बीमर हे गुरू लाभले. १९८७ साली बीमर व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा फॉस्टरही सोबत गेले. १९९५पासून बचावफळीची सूत्रे त्यांच्याकडे आली. लेखकाने उल्लेखलेला डबा त्याच वर्षीचा : खाणकामगार नेतात तसा पत्र्याचा जेवणाचा डबा. तो बचावफळीच्या कष्टाची खूण ठरला आणि खेळाडू तो मानाने मिरवत. एप्रिल २००७मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये झालेल्या गोळीबारानंतर बळी पडलेल्या ३२ जणांची नावे त्यात ठेवली गेली. पुढील पानांवरील भावनेचा संदर्भ हाच आहे. २००६ साली फॉस्टर यांना देशातील सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉइल्स पुरस्कार मिळाला. या पेशात यशस्वी सहायक मोठ्या पदासाठी गाव सोडतो. फॉस्टर तिथेच राहिले, आणि आमच्या मते त्यांचे मोठेपण पुरस्काराहून अधिक या निष्ठेत आहे. २०१५अखेर बीमर निवृत्त झाले, तरी नवे मुख्य प्रशिक्षक जस्टिन फ्युएंटे यांनी फॉस्टर यांना कायम ठेवले. २०१९च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले. — संपादक