कुंपण पिकाला की जनावराला?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात आज रानडुकरे जिवंत धरण्याचा धंदा चालतो. शेताच्या कडेला लोखंडी जाळीचा गोल कोंडवाडा उभारतात. गोल अशासाठी, की कोपरा सापडला तर डुकरे एकमेकांवर चढून बाहेर उडी घेतात. दार उघडे ठेवून आत मका टाकतात आणि काही दिवस नुसती वाट पाहतात. सबंध कळप निर्धास्तपणे आत येऊ लागला, म्हणजे मगच दार पाडावयाचे. घाई करून निम्मा कळप धरला, तर उरलेला शहाणा होतो आणि पुन्हा सापळ्याजवळ फिरकत नाही.

खरी कसोटी पुढे, गाडीत चढविताना. दोन्ही बाजू बंद असलेल्या अरुंद गल्लीतून डुकरे पुढे हाकतात. फटीतून बाहेरचे दिसले तर ती तिकडेच धडका देतात. डुकराला घाम येऊन अंग निवत नाही, म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे उरकतात. एवढा खटाटोप कशाला? कारण विक्रीच्या मांसाची सरकारी तपासणी जनावर जिवंत असतानाच सुरू व्हावी लागते.

श्रोतेहो, कामगार चळवळीतल्या माणसाने डुकरांचा इतिहास कशाला सांगावा, असे आपल्या मनात आले असेल. माझे शिक्षण बेताचेच. जो इतिहास वाचला तो युनियनच्या कचेरीत, सभा संपल्यावर. पण या डुकरांच्या मागे मजुरीचा एक जुना प्रश्न उभा आहे, तो मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

डुक्कर हे अमेरिकेचे मूळचे जनावर नव्हे. 1539 साली एर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याच्याबरोबर डुकरे होती. फौजेचे हे चालते कोठार! 1542 मध्ये तो मेला, तेव्हा त्याच्या मालमत्तेत सातशे डुकरे निघाली, असे त्या मोहिमेचा वृत्तांत सांगतो. मागाहून आलेल्या वसाहतवाल्यांनीही आपली डुकरे रानात सोडली. ओक वृक्षाची फळे खाऊन ती पोसली जात. ना गोठा, ना वैरण.

या चालीला दक्षिणेकडील राज्यांत कायद्याचा आधार होता. कुंपण घालावयाचे ते पिकाला, जनावराला नव्हे. ज्याचे शेत, त्याने ते राखावे. कुंपणाबाहेरची जमीन कोणाच्याही नावावर असो, तिच्यावर गुरे-डुकरे चारण्याचा हक्क सर्वांचा. मालकी ओळखण्यासाठी डुकराच्या कानाला ठरावीक खाच पाडीत आणि त्या खुणेची नोंद परगण्याच्या कचेरीत होई. शरद ऋतूत कुत्री आणि मका घेऊन माणसे रानात शिरत, आपापली डुकरे गोळा करीत, आणि कडाक्याची थंडी पडली की वर्षाचे मांस खारवून ठेवीत.

याचा अर्थ काय होतो पाहा. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही, त्याच्याही घरात वर्षाचे खाणे असे. अशा माणसाला मळेवाला म्हणेल त्या मजुरीवर राबविता येत नाही. आपल्याकडे 1982 च्या संपात मुंबईचे कितीतरी गिरणी कामगार गावी गेले आणि घरच्या तुकड्यावर तग धरून राहिले. ज्याला मागे जागा आहे, तोच पुढे उभा राहू शकतो. अमेरिकेतल्या गरिबाची ती जागा म्हणजे मोकळे रान.

1865 साली यादवी युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने गेली. लाखो काळी माणसे मोकळी झाली. पण जमीन त्यांना मिळाली नाही. उरले ते रान. मळेवाल्यांपुढे प्रश्न पडला: रानावर पोट भरणारा माणूस आमचा कापूस कशाला वेचील? 1872 मध्ये जॉर्जिया राज्याने कायदा केला, की परगण्याने मतदानाने ठरविल्यास कुंपण जनावराला घालावे लागेल. मोकाट डुक्कर दुसऱ्याच्या जमिनीत सापडले की ते धरून ठेवावयाचे आणि मालकाने पैसे भरून सोडवावयाचे. कारणे दिली ती सुधारणेची. कुंपणाला लाकूड मिळत नाही, जात सुधारत नाही. त्यांत तथ्य नव्हते असे नाही. परंतु मोठ्या मळ्यांच्या परगण्यांत हा कायदा आधी लागू झाला, आणि कॅरल, जॅक्सन अशा छोट्या शेतकऱ्यांच्या परगण्यांत त्याच्याविरुद्ध कडाक्याची भांडणे झाली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

याच सुमारास, 1873 साली, महात्मा फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केला. तो गौरव योग्यच होता. पण बेडी तुटल्यावर माणसाने खावे काय, हा प्रश्न उरतोच. तोही फुल्यांनीच ओळखला. दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी जंगल खात्याने गायराने घेतल्याची आणि गरिबाच्या शेळ्यांना चरायला जागा न उरल्याची तक्रार मांडली. जॉर्जियाचे डुक्कर आणि महाराष्ट्राची शेळी एकाच दशकांत कुंपणाबाहेर, नव्हे, कोंडवाड्यात गेली.

फ्लोरिडात ही मोकळीक अखेर 1949 च्या कायद्याने संपली. माणसांचा हक्क संपला. डुकरे मात्र सगळी आत आली नाहीत. जी रानात राहिली त्यांत युरोपातून शिकारीसाठी आणलेल्या रानडुकरांची भर पडली. नॉर्थ कॅरोलायनात ती 1912 साली आली. आज अमेरिकेत साठ लाखांवर मोकाट डुकरे असल्याचा अंदाज आहे, आणि ती वर्षाला दीड अब्ज डॉलरहून अधिक नुकसान करतात. टेक्सासने 2011 साली ती हेलिकॉप्टरमधून मारण्याचीही सोय कायद्याने केली.

पिकाची नासाडी खरी आहे. डुकरे धरली पाहिजेत. पण सापळा तोच, मका तोच, धीरही तोच. बदलले ते एवढेच, की पूर्वी रानातून डुक्कर आणणारा मनुष्य आपल्या घरचे वर्षाचे अन्न आणीत असे. आज तो जमीनमालकाच्या परवानगीने दुसऱ्याचा उपद्रव उचलून नेतो. म्हणून गावात सुधारणेच्या नावाने नवे कुंपण उभे राहील, तेव्हा त्याने पीक किती वाचेल हे जरूर विचारा. आणि त्याच्या बाहेर कोणाचे पोट राहते, हेही त्याच सभेत विचारा.