कॉलेज स्ट्रीटपासून हाजरापर्यंत

मधुसूदन गुप्त हे जातीनं वैद्य, संस्कृत कॉलेजात आयुर्वेद शिकवलेले पंडित. १८३६ साली कलकत्त्यात कॉलेज स्ट्रीटवरच्या मेडिकल कॉलेजात त्यांनी मानवी शव उघडलं. तेव्हा कॉलेज जेमतेम वर्षभराचं होतं. त्या दिवशी फोर्ट विल्यमवरून तोफा उडाल्या, असं इथले डॉक्टर आजही अभिमानानं सांगतात. मी मूळची नागपूरची, लग्न होऊन कोलकात्यात आले आणि पॅथॉलॉजीतच आयुष्य गेलं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची स्टेज कशी ठरते असं कुणी विचारलं, की मी या शवविच्छेदनापासूनच सुरुवात करते. देह उघडून बघायची सवय लागली नसती, तर स्टेज ठरवायला आधारच नव्हता.

तो आधार मांडला लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधले पॅथॉलॉजिस्ट कथबर्ट ड्यूक्स यांनी. शस्त्रक्रियेत काढलेली गुदाशयं त्यांनी एकेक करून तपासली आणि १९३२ साली तीन गट पाडले. रोग भिंतीतच असेल तर ए, भिंत ओलांडली तर बी, लसिकाग्रंथींत पोचला तर सी. हीच मांडणी पुढे मोठ्या आतड्यालाही लागू झाली.

कोलकात्यात तेव्हा कॅन्सरसाठी वेगळं रुग्णालय नव्हतं. देशबंधू चित्तरंजन दासांनी आपलं राहतं घर समाजाला देऊन टाकलं होतं. ते गेल्यावर गांधीजींनी स्मारकासाठी निधी जमवला आणि १९२६ मध्ये त्या घरात स्त्रियांसाठी सेवासदन सुरू झालं. त्याच आवारात, हाजरा मोडजवळ, २ जानेवारी १९५० रोजी चित्तरंजन कॅन्सर हॉस्पिटलचं उद्घाटन झालं. ते केलं फ्रेंच शास्त्रज्ञ इरेन जोलियो-क्युरी यांनी. महाराष्ट्र निवास तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आपल्याकडून आलेल्या माणसांना मी हे रुग्णालय आवर्जून दाखवते.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये पियेर दनुआ टी, एन, एम ही पद्धत बसवत होते. आज आमच्या अहवालात हीच तीन अक्षरं असतात. गाठ अस्तराखालच्या थरात असेल तर टी१, स्नायूत शिरली तर टी२, स्नायू ओलांडून चरबीत गेली तर टी३. बाहेरचं आवरण फोडलं किंवा शेजारचा अवयव धरला तर टी४. एक ते तीन ग्रंथींत रोग सापडला की एन१, चार किंवा जास्त असतील तर एन२. यकृत, फुप्फुस अशा दूरच्या जागी गेला असेल तर एम१, म्हणजे चौथी स्टेज. सीटी स्कॅनवरून शस्त्रक्रियेआधी अंदाज बांधता येतो. भिंतीचा आणि ग्रंथींचा निवाडा मात्र आमच्या टेबलावर होतो.

काढलेलं आतडं फॉर्मॅलिनमध्ये मुरलं की मी त्याचे पातळ काप घेते, मग चरबी बोटांनी चाचपत ग्रंथी शोधते. काही मसुराएवढ्या असतात आणि सहज निसटतात. निदान १२ तरी तपासायला हव्यात, असा दंडक आहे. गाठ टी३ किंवा टी४ असताना सातच ग्रंथी मिळाल्या आणि सगळ्या निर्मळ निघाल्या, तर कागदावर दुसरी स्टेज लिहिली जाईल. पण न सापडलेल्या आठवीत रोग असू शकतो. म्हणून मी पुन्हा चरबीकडे वळते, आणि हाताखालच्या मुलांनाही वळायला लावते. या कामात घाई मला सहन होत नाही.

त्याला कारण आहे. १९९० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला: रोग ग्रंथींपर्यंत गेलेल्या, म्हणजे तिसऱ्या स्टेजच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर फ्लुरोयुरॅसिल आणि लेव्हामिसोल ही औषधं दिली, तर मृत्यू स्पष्टपणे कमी होतात. लेव्हामिसोल नंतर मागे पडलं, ऑक्झॅलिप्लॅटिन आलं. पण तिसऱ्या स्टेजला केमो द्यायची, हे तेव्हापासून पक्कं झालं. दुसऱ्या स्टेजला सरसकट देत नाहीत. मात्र टी४ असेल, किंवा १२ पेक्षा कमी ग्रंथी तपासल्या असतील, तर डॉक्टर केमोचा विचार करतात. केमो द्यायची की नाही हे ठरवताना ते माझ्या अहवालातला ग्रंथींचा आकडा बघतात.