नाताळची सुट्टी: काय बंद, काय उघडं



डिसेंबरचं पान उलटलं की घरोघरी एकच चौकशी सुरू होते. बँक कधी बंद, शाळेला किती दिवस सुट्टी, बाजार उघडा की नाही? उत्तर भिंतीवरच्या कॅलेंडरात असतं. पण नीट पाहिलं तर त्याच्या प्रत्येक चौकोनात दोन हिशेब छापलेले दिसतात. मोठा लाल आकडा सांगतो की कचेरी बंद. खाली बारीक अक्षरांत तिथी असते. काय बंद ठेवायचं आणि काय उघडायचं, हे तीही सांगते, फक्त तिचं कारण वेगळं असतं. आज या दोन्ही हिशेबांचा थोडा इतिहास सांगते.

आधी लाल आकडा. कॉमर्स शिकलेल्या मैत्रिणींना निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आठवत असेल. इंग्रज सरकारचा हा १८८१ सालचा कायदा. चेक, वचनचिठ्ठी, विनिमयपत्र यांचे नियम त्यात आहेत. आता पैशाच्या कागदांच्या कायद्यात सुट्टीचा काय संबंध? संबंध असा, की चिठ्ठीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर पैसे कधी द्यायचे हे ठरवावं लागतं. कलम २५ म्हणतं, आदल्या कामाच्या दिवशी. म्हणजे मुदत २५ डिसेंबरला भरत असेल तर २४ तारखेलाच रक्कम तयार हवी. सुट्टी आली म्हणून एक दिवस जास्त मिळत नाही, उलट एक दिवस कमी होतो!

मूळ कायद्यात सुट्ट्या म्हणून नावानिशी घातले होते ते रविवार, १ जानेवारी, नाताळ आणि गुड फ्रायडे. बाकीचे दिवस स्थानिक सरकारने राजपत्रात जाहीर करायचे. दिवाळी असो की पर्युषण, आपले सण त्या कलमात नावाने नव्हते. मात्र पहिल्याच कलमात एक सवलत होती. देशी भाषांत लिहिलेल्या हुंड्यांना पेढीचा स्थानिक रिवाज लागू राहील, असं त्यात म्हटलं होतं. त्यामुळे बँकेचा कागद इंग्रजी तारखेने चालला आणि पेढीवरची हुंडी मितीने. एकाच बाजारात दोन पंचांगं नांदत होती. आजही राज्य सरकार वर्षाच्या सुट्ट्या जाहीर करतं ते याच कायद्याचा आधार घेऊन. महावीर जयंती त्या यादीत आहे.

रविवारची गोष्ट निराळी आहे. कचेऱ्या आणि बँका रविवारी बंद असायच्या, पण मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे वाजतच राहायचे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या आणि आठवड्याला एक सुट्टी मागितली. ती मिळाली १० जून १८९० रोजी. कामगारांचा रविवार असा सहा वर्षं झगडून मिळालेला आहे. गिरणीत बायाही होत्या. त्यांचं यंत्र रविवारी थांबू लागलं. घरची चूल मात्र कुठल्याच ठरावात नव्हती.

आता ३१ डिसेंबर. आज त्याचा अर्थ पार्टी असा झाला आहे, पण १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बँकांचं हिशेबाचं वर्ष त्या दिवशी संपायचं. ज्यांच्या घरी बँकेत नोकरी करणारं कोणी होतं, त्यांना ते दिवस आठवतील. बाहेर नाताळची रोषणाई आणि बँकेत ताळेबंद जुळवण्याची धांदल. पुढे ३१ मार्च १९८९ पासून बँकांचं वर्ष मार्चअखेर संपू लागलं. त्याच सुमारास आयकरासाठीही सगळ्यांना एप्रिल ते मार्च हेच वर्ष लागू झालं. आपल्या व्यापारी घरांत दिवाळी ते दिवाळी असं वहीचं वर्ष होतं, तेही कागदोपत्री मागे पडलं. वहीपूजन राहिलं, वही मार्चला बंद होऊ लागली.

दुकानांचं काय? १९४८च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानाला आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणं भाग होतं. १९ डिसेंबर २०१७ पासून महाराष्ट्रात नवा कायदा लागू झाला, तोही ऐन नाताळच्या तोंडावर. त्यानुसार दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवता येतं. मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावी लागते. दुकान थकत नाही, माणूस थकतो, हे कायद्याने ओळखलं.

आता खालची बारीक अक्षरं पाहू. सरकारी सुट्टीचं कारण विसावा किंवा सण. आपल्या तिथीने काही बंद होतं त्याचं कारण जीवदया. चातुर्मासात साधू-साध्वींचा विहार थांबतो, कारण पावसात वाटेवर जीव फार असतात. पालिताण्याच्या शत्रुंजय डोंगराची यात्राही चार महिने बंद असते आणि कार्तिक पौर्णिमेला सुरू होते. म्हणजे जग हिवाळ्यात सुट्टी घेतं तेव्हा आपली वाट उघडते. रोजची मर्यादाही तिथे पाळली जाते. संध्याकाळी सगळे खाली उतरतात, डोंगरावर कोणी रात्र काढत नाही.

स्वयंपाकघराचंही तसंच. श्वेतांबर घरांत बंद असलेली पालेभाजी कार्तिक पौर्णिमेनंतर फाल्गुन चौमासीपर्यंत चालते. दिगंबर घरांत दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस. फ्रीज नव्हता त्या काळात आपल्या आज्या-पणज्या हे गणित बोटांवर ठेवत. हवेत ओल किती, त्यावर जीवोत्पत्ती किती, आणि त्यावरून डबा किती दिवस उघडायचा.

या दिवसांतच पार्श्वनाथ भगवंतांचं जन्मकल्याणक येतं. शास्त्रात पौष कृष्ण लिहिलेलं असतं, म्हणून काहीजणी गोंधळतात. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे तो पंधरवडा आपला मार्गशीर्ष वद्य होतो. श्वेतांबर दशमीला मानतात, दिगंबर एकादशीला. २०२४ साली ही दशमी नेमकी २५ डिसेंबरला आली होती. एकाच चौकोनात येशूचा जन्मदिवस लाल अक्षरांत आणि पार्श्वप्रभूंचा बारीक अक्षरांत! त्या दिवशी बँक बंद होती, मंदिर उघडं होतं. अठ्ठम करणाऱ्यांचं ताट तीन दिवस बंद होतं.

मला सांगायचं आहे ते इथेच. आता बाहेर जवळजवळ काहीच बंद होत नाही. पैसे फोनवरून रात्री बारालाही जातात. जेवण मध्यरात्री दारात येतं. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, आणि सुट्टीला घरी आलेल्या मुला-नातवंडांची भूक नऊला सुरू होते. रात्रीभोजनाचा नियम तेव्हा सुनेला जाच वाटतो आणि सासूला हट्टी ठरवतो. पण त्या नियमाकडे बाईच्या बाजूने कधी पाहिलंत का? बँकेला १८८१ साली सुट्टी मिळाली, गिरणीला १८९० साली. घरच्या बाईला कुठल्याच सरकारने स्वयंपाकघर बंद करण्याची वेळ दिली नाही. ती दिली आपल्या धर्माने, सूर्यास्ताची. जीवदयेसाठी चूल विझते, आणि त्यासोबत तिचे हातही मोकळे होतात. सामायिकाला ४८ मिनिटं लागतात. हिवाळ्याची संध्याकाळ त्याहून खूप लांब असते.

अट एवढीच, की घरातल्या सगळ्यांनी तो नियम पाळावा. घरची बाई चौविहार करून पुन्हा नऊ वाजता दुसऱ्यांसाठी गॅस पेटवत असेल, तर नियम तिचा आणि सुट्टी मात्र कोणाचीच नाही. या नाताळात मुलांना इतकंच सांगून बघा: आपल्या घरी सहाला स्वयंपाकघर बंद, गप्पा उघड्या. ज्यांना भूक लागेल त्यांनी पाचला पानावर यावं, आणि ताटं वाढायला हातही लावावा.

लाल आकडे सरकार ठरवतं. खालची बारीक अक्षरं वाचायची की नाही, ते आपण ठरवायचं.

जय जिनेंद्र.